एक एमआरआय, दोन रिपोर्ट: कोणाचं खरं धरायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंचं वय ७४. वर्षभर विसरायला होतंय, एकच गोष्ट तासाभरात चारदा विचारतात. मेंदूचा एमआरआय काढला. सेंटरच्या रिपोर्टात आलं, ‘वयोमानानुसार मेंदूची झीज’. तीच सीडी ओळखीतून दुसऱ्या रेडिओलॉजिस्टना दाखवली, तर त्यांनी लिहिलं, ‘मीडिअल टेम्पोरल अ‍ॅट्रॉफी ग्रेड २, अल्झायमरशी सुसंगत’. घरात दोन तट पडलेत. तज्ज्ञांचंच जुळत नसेल तर स्कॅन काढायचा कशाला, आणि आता तिसऱ्याला दाखवावं का?

मी न्यूरोरेडिओलॉजी करते, म्हणजे दिवसभर मेंदूचेच स्कॅन वाचते. तिसऱ्याला दाखवू नका, हे आधी सांगते. तो या दोघांतल्या एकाची बाजू घेईल आणि तुमच्या हातात दोन विरुद्ध एक असा मतदानाचा निकाल येईल. निदान येणार नाही.

बहुधा दोघांना दिसलंय ते एकच. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, किती आक्रसलाय हे डोळ्यांनी ठरवायची एक श्रेणी आहे, शून्य ते चार. रिपोर्टातला ‘मीडिअल टेम्पोरल अ‍ॅट्रॉफी’चा ग्रेड तो हाच. ॲमस्टरडॅमच्या फिलिप शेल्टन्स यांनी ती १९९२ मध्ये मांडली आणि आजही जगभर तीच चालते. सर्रास पाळला जाणारा नियम असा की वय ७५ च्या आत असेल तर २ पासून पुढे विकृत मानायचं, ७५ च्या पुढे असेल तर ३ पासून. सासूबाई ७४ च्या. म्हणजे ग्रेड २ आज ‘अल्झायमरशी सुसंगत’, आणि पंच्याहत्तरी उलटली की तोच ग्रेड २ ‘वयोमानानुसार’. पहिल्या डॉक्टरांनीही मनात २ च धरला असेल आणि चौऱ्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तरच, असं म्हणून वयावर टाकला असेल. किंवा १ आणि २ च्या मध्ये अडकून खाली ओढला असेल. आकडा लिहिलाच नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. आकडा न लिहिण्याबद्दल आहे.

मतभेद नेमका कुठे शिरतो हे समजायला वाचताना काय करतो ते बघा. आधी कोरोनल काप उघडायचे, म्हणजे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत उभे, चेहऱ्याला साधारण समांतर. मेंदूच्या देठाचा पुढचा फुगवटा, म्हणजे पॉन्स, दिसतो त्या पातळीला थांबायचं. मग तीन गोष्टी बघायच्या. हिप्पोकॅम्पसच्या लगतची कोरॉइड फिशर नावाची फट किती रुंदावलीय, बाजूची टेम्पोरल हॉर्न नावाची पाण्याची पोकळी किती उघडलीय, आणि खुद्द हिप्पोकॅम्पसची उंची किती उरलीय. नुसती फट रुंद असेल तर १. पोकळीही उघडली असेल तर २. उंची घटलेली स्पष्ट दिसत असेल तर ३. जेमतेम अवशेष उरला असेल तर ४.

शून्य आणि चारवर भांडण होत नाही, शिकाऊ डॉक्टरांचंही जुळतं. भांडण २ आणि ३ मध्ये होतं, कारण ‘स्पष्ट’ कुठून सुरू होतं हे कोणतीच श्रेणी सांगू शकत नाही. त्यात डावा २ आणि उजवा ३ असेल तर कोणी सरासरी काढतं, कोणी जास्त खराब बाजू धरतं. आणखी एक भानगड म्हणजे मशीनमध्ये डोकं जरा तिरकं असलं, की एकाच कापात एका बाजूला हिप्पोकॅम्पसचा पुढचा जाड भाग येतो आणि दुसऱ्या बाजूला मागचा बारीक. नसलेला फरक दिसायला लागतो. म्हणून माझी सवय अशी की दोन्ही कानांकडे जाणाऱ्या नसांच्या नळ्या एकाच कापात दिसतायत का, ते पहिलं तपासायचं. दिसत नसतील तर प्रतिमा सरळ करून घ्यायची आणि मगच ग्रेड द्यायचा.

अर्थात प्रतिमा सरळ करून घेण्याजोगी असेल तर! ‘एमआरआय ब्रेन प्लेन’ अशी चिठ्ठी आली की बऱ्याच सेंटरमध्ये ठरलेला संच चालतो. पाच मिलिमीटर जाडीचे आडवे काप, ठरलेले सिक्वेन्स, म्हणजे प्रतिमा टिपण्याच्या पद्धती, की पुढचा पेशंट आत. पक्षाघाताला ते पुरतं. पण हिप्पोकॅम्पसची उंची जेमतेम सेंटिमीटरभर असते, जाड आडव्या कापांत तो दोन-तीन कापांत येऊन संपतो. त्याला लागतो साधारण एक मिलिमीटरचा थ्रीडी टी-वन नावाचा सिक्वेन्स, जो नंतर हव्या त्या दिशेने कापून बघता येतो. वेळ चार-पाच मिनिटं जादा. ज्यांना आपण कुठे आलोय हेच मधूनमधून आठवत नाही, अशा माणसाला त्या ठोक्यांच्या गोंगाटात तेवढा वेळ निश्चल ठेवणं हे टेक्निशियनचं कसब आहे, आणि त्याचं नाव कुठल्याच रिपोर्टात येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या उलटसुलट रिपोर्टांच्या मुळाशी डॉक्टरांच्या नजरेपेक्षा ही गाळलेली पाच मिनिटं जास्त वेळा सापडतात.

आता ‘किती जुळतं’ याचा हिशेब. शेकडा किती वेळा जुळलं, एवढंच सांगणं फसवं असतं. समजा शंभर स्कॅन आहेत आणि दोन्ही वाचक, म्हणजे स्कॅन वाचणारे डॉक्टर, त्यांतल्या नव्वदांना नॉर्मल म्हणतात. दोघांनी डोळे मिटून तेवढेच शिक्के मारले असते तरी ८२ ठिकाणी योगायोगानेच जुळलं असतं: नव्वदाचे नव्वद टक्के ८१, आणि दहाचे दहा टक्के १. प्रत्यक्षात ८८ ठिकाणी जुळलं म्हणा. ऐकायला झकास. पण योगायोगाच्या वर कमवायला जागा होती १८ ची आणि कमावले ६. भागाकार ०.३३. या आकड्याला कप्पा म्हणतात. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने तो १९६० मध्ये मांडला. तेच ८८ टक्के, पण निम्मे स्कॅन विकृत असलेल्या गटात मिळाले, तर कप्पा ०.७६ येतो. १९७७ मध्ये लँडिस आणि कॉख या संख्याशास्त्रज्ञांनी ०.४१ ते ०.६० ला मध्यम, ०.६१ ते ०.८० ला भक्कम अशी नावं दिली. या सीमा मनाने आखल्यात असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, पण पुढच्या शोधनिबंधांत नावं तेवढी राहिली आणि कबुली गळाली.

श्रेणी असेल तर बहुतेक वेळा ‘वेटेड’ कप्पा काढतात. त्यात शून्याला चार म्हटलं तर जबर दंड, दोनला तीन म्हटलं तर किरकोळ. संशोधनाला हे रास्त आहे. पण रेषा कुठे आहे बघा: पंच्याहत्तरीच्या पुढे ती बरोबर २ आणि ३ च्या मध्येच पडते. ज्या चुकीला गणित माफ करतं, तीच पेशंटच्या घरात ‘आजार आहे’ आणि ‘आजार नाही’ यांतला फरक ठरते. म्हणून ‘या श्रेणीवर तज्ज्ञांचं उत्तम एकमत आहे’ असं वाक्य कुठे वाचलंत तर ते खोटं नसतं, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही नसतं. शिवाय अभ्यासातले वाचक बहुधा आधी एकत्र बसून नमुन्याच्या स्कॅनवर नजर जुळवून घेतात. तुमच्या दोन डॉक्टरांची एकमेकांशी ओळखही नसेल.

सगळ्याच गोष्टींत इतका घोळ नसतो. ट्यूमर, कवटीखाली साचलेलं रक्त, जुना मोठा पक्षाघात यांवर कोणीही दोन जाणते वाचक क्वचितच भांडतील. विस्मरण झालेल्या माणसाचा स्कॅन काढायचं पहिलं कारण हेच आहे, की उपाय करता येण्याजोगं काही निसटू नये. न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजींच्या डोक्यात महिनाभराने हळूहळू साचलेलं रक्त सापडतं, शस्त्रक्रिया होते आणि आजी पुन्हा नातवंडांना नावाने हाका मारू लागतात, हे आमच्या कामात अधूनमधून घडतं. पांढऱ्या द्रव्यातल्या डागांसाठी १९८७ ची फाझेकास श्रेणी आहे, शून्य ते तीन. तिथेही टोकांवर जुळतं आणि मधे थोडं सरकतं, पण त्याने फारसं बिघडत नाही, कारण बीपी आणि साखर दोन्हीकडे सांभाळायचीच असते.

खरा वाद पेटतो तो नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसवर. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी तुंबतं, चाल बिघडते, लघवीवरचा ताबा जातो, विसरायला होतं. शंट, म्हणजे बारीक नळी, घालून पाणी वळवलं तर काहींना खरोखर फरक पडतो. पण मेंदू झिजला तरी पोकळ्या मोठ्या दिसतातच. इव्हान्स इंडेक्स, म्हणजे पोकळीच्या पुढच्या शिंगांची रुंदी भागिले कवटीच्या आतली रुंदी, ०.३ च्या वर असला की पोकळ्या मोठ्या. हा भागाकार कोणीही काढला तरी जवळपास सारखा येतो. पाणी तुंबल्यामुळे की झिजेमुळे, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी माथ्याजवळच्या घड्या दाबल्या गेल्यात का, दोन पोकळ्यांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी झालाय का, हे बघावं लागतं, आणि तो कोनही ठरलेल्याच कापावर मोजावा लागतो. ऑपरेशनचा निर्णय यावर येऊन थांबतो, म्हणून अशा रिपोर्टात मी एका शब्दाचा निष्कर्ष कधीच लिहीत नाही. मोजमापं लिहिते आणि माणूस चालतो कसा हे न्यूरॉलॉजिस्टना विचारते.

वाचकांच्या एकमताचा प्रश्न किती गंभीर ठरू शकतो याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण अमेरिकेतलं आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन जिवंत माणसात दाखवणारा पेट स्कॅन, त्यासाठी फ्लोरबेटापिर नावाचं किरणोत्सारी औषध. कंपनीने स्कॅन काढलेल्या माणसांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन करून ताळा घेतला होता आणि तो चांगला जुळला होता. जानेवारी २०११ मध्ये एफडीएच्या, म्हणजे तिथे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, सल्लागार समितीपुढे प्रकरण आलं. समितीने १३ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, आत्ता मंजुरी नको. लगेच दुसरं मतदान झालं: स्कॅन वाचणाऱ्यांना ठरावीक प्रशिक्षण देण्याची अट घातली तर? १६ विरुद्ध ०, द्या. औषध तेच, मशीन तेच. अडलं होतं ते वाचणाऱ्यांवर. चाचणीत अनेक वाचकांच्या गुणांतला मधला आकडा घेतला होता. दवाखान्यात वाचणारा एकटा असतो, त्याला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणायचं असतं आणि त्याला सावरून घ्यायला मधला आकडा नसतो. मंजुरी मिळायला एप्रिल २०१२ उजाडलं. तोवर वाचनाची पद्धत बांधून झाली आणि ती शिकवण्याचा कार्यक्रम तयार झाला. तरीसुद्धा प्रशिक्षण घेतलेल्या पाच वाचकांत अमायलॉइड पकडण्याचं प्रमाण सारखं नव्हतंच: सर्वांत कमी पकडणारा सत्तर टक्क्यांच्या आसपास, सर्वांत जास्त पकडणारा नव्वदच्या वर. ‘नाही’ म्हणण्यात मात्र सगळेच नव्वद किंवा त्याच्या पुढे होते.

याच कामासाठी पुढे आलेल्या फ्लुटेमेटामॉल या दुसऱ्या औषधाचा स्कॅन रंगीत पट्टीवर वाचायचा आणि फ्लोरबेटापिरचा कृष्णधवल. एकाची सवय झालेला वाचक दुसऱ्यावर अडखळतो. आणि मेंदू फार झिजलेला असेल तर बाहेरची करडी साल इतकी पातळ होते की तिथे औषधाची चमक आहे की शेजारची सांडलीय, हे सांगणं अवघड जातं. अशा वेळी पेटच्या शेजारी एमआरआय उघडून बघितला की वाद निम्मा मिटतो.

इथे एक गोष्ट सरमिसळ होऊ देऊ नका. दोघांचं जुळलं म्हणजे निदान बरोबर, असं नाही. दोन्ही रेडिओलॉजिस्टनी ग्रेड ३ म्हटलं तरी हिप्पोकॅम्पस अल्झायमरनेच आक्रसला असं ठरत नाही. ऐंशीच्या पुढच्या वयात टीडीपी-४३ नावाचं वेगळंच प्रथिन साचून तो भाग झिजतो. त्या आजाराला ‘लेट’ असं नाव २०१९ मध्ये मिळालं, आणि विस्मरणाची तऱ्हा अल्झायमरसारखीच असते. उलट बाजूने, पेटवर अमायलॉइड आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं तरी त्यावरून विस्मरणाचं कारण सापडलं असं होत नाही. सत्तरीतल्या, स्मरणशक्ती शाबूत असलेल्या दर चार-पाच माणसांपैकी एकाच्या मेंदूत ते असतंच.

कॉम्प्युटरने मोजून घेतलं तर वाद मिटेल, असं तुमच्या घरातल्या आयटीवाल्या तटाचं म्हणणं असणार. अंशतः मिटतो. तीच प्रतिमा त्याच सॉफ्टवेअरला दोनदा दिली तर उत्तर तेच येतं, माणसाचं तसं नसतं. पण दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकाच हिप्पोकॅम्पसची दोन आकारमानं सांगतात, कारण त्याची सीमा कुठे धरायची यावर त्यांचंही एकमत नाही. आणि ‘नॉर्मल’ कोणाशी तुलना करून ठरतं? बहुतेकांचा संदर्भसाठा पाश्चात्त्य माणसांचा. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या एमआरआयवरून मेंदूचा नकाशा तयार केला. त्यात आपला मेंदू सरासरीने पाश्चात्त्य नकाशापेक्षा लहान भरला. लहान असण्यात कमीपणा काही नाही. पण परक्या पट्टीने मोजलं तर निरोगी मेंदूही ‘आक्रसलेला’ ठरेल. आणि तो नकाशाही तरुण मंडळींचा आहे, सासूबाईंच्या वयाचा नव्हे.

ज्या एका जागी मोजणीचा फरक आता फार महागात पडतो ती सांगते. लेकानेमॅब, डोनानेमॅब ही अमायलॉइड काढून टाकणारी औषधं आली आहेत. त्यांच्याने मेंदूत सूज येऊ शकते किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतात. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव असलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे चार आणि पाच यांत दार उघडतं किंवा बंद होतं. आणि हे ठिपके मोजताना दोन वाचकांत एक-दोनचा फरक पडणं अगदी रोजचं आहे, कारण आडवी कापली गेलेली शीरही तशीच काळ्या ठिपक्यासारखी दिसते. ती वरखालच्या कापांत पुढे जाताना दिसली तर शीर, नाहीतर ठिपका. वर तीन टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर, रक्ताच्या खुणा टिपणाऱ्या एसडब्ल्यूआय सिक्वेन्समध्ये, जुन्या पद्धतीपेक्षा जास्त ठिपके दिसतात. औषधाच्या आधीचा स्कॅन एका मशीनवर आणि नंतरचा दुसऱ्यावर काढला तर नवे रक्तस्राव झालेच नसताना झाल्यासारखे वाटतील.

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. प्रत्येकाचा स्कॅन न्यूरोरेडिओलॉजिस्टने वाचावा ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही, गरजही नाही. साध्या रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टात चार आकडे ठरलेल्या क्रमाने आले तरी न्यूरॉलॉजिस्टचं काम भागतं. निबंधवजा परिच्छेदापेक्षा ते मला शंभरदा बरे.

तर तुम्ही करायचं ते असं. पहिल्या सेंटरला फोन करा आणि त्याच स्कॅनवर पुरवणी रिपोर्ट मागा: टेम्पोरल झिजेचा ग्रेड डावा-उजवा वेगळा, फाझेकास किती, मागच्या बाजूच्या पॅरायटल भागाची झीज आहे का, सूक्ष्म रक्तस्राव किती आणि कुठे. थ्रीडी टी-वन घेतला होता का, तेही विचारा. भांडायला जाऊ नका, बहुतेक डॉक्टर दोन दिवसांत देतात. फिल्म गुंडाळून ठेवली असेल तर राहू दे, सीडी महत्त्वाची, आणि तिची पेन ड्राइव्हवर एक प्रत करून ठेवा, कारण त्या सीडी पुढे कधीकधी उघडेनाशा होतात. आधी कधी पडल्या-झडल्याच्या निमित्ताने सीटी वगैरे काढला असेल तर तो शोधून काढा. पाच वर्षांपूर्वीचा साधा सीटीसुद्धा शेजारी ठेवला की ‘वयाची झीज’ आणि ‘वाढती झीज’ यांतला फरक कित्येकदा लगेच कळतो.

चिठ्ठीवर ‘मेमरी लॉस’ एवढंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टना दोन ओळी जास्त लिहायला सांगा. विस्मरण आधी आलं की चिडचिड आणि विक्षिप्त वागणं, की नसलेली माणसं दिसणं? वाचणाऱ्याची नजर त्याप्रमाणे वेगळ्या जागी जाते. संशोधनात ही माहिती मुद्दाम लपवतात, म्हणजे नजर कलुषित होऊ नये. आपल्याला संशोधन करायचं नाही, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही.

आणि या सगळ्याच्या आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासलं का? तुमच्या प्रश्नात दोन रेडिओलॉजिस्ट आहेत, पण ज्यांनी सासूबाईंसमोर बसून तासभर स्मृतीची चाचणी घेतली असे कोणीच दिसत नाहीत. ती चाचणी मराठीतून, त्यांचं शिक्षण लक्षात घेऊन झाली पाहिजे. त्यात नव्या आठवणी टिकत नाहीत असं निघालं, तर ग्रेड २ ला वजन येतं. चाचणी चांगली आली, तर तोच ग्रेड २ बाजूला ठेवून वर्षा-दीड वर्षाने पुन्हा स्कॅन काढायचा, त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, त्याच सिक्वेन्सने, आणि वाचणाऱ्यासमोर दोन्ही स्कॅन एकाच वेळी उघडायला सांगायचं.